निरोप मुक्या दोस्ताचा

आपल्या पत्रपेटीत दर आठवड्याला नाना तऱ्हेचे प्रश्न येतात. कुणाचं मैत्रिणीशी बिनसलेलं असतं, कुणाला गणिताचा पेपर स्वप्नातसुद्धा छळतो, तर कुणाला आईचा मार चुकवायची युक्ती हवी असते! या वेळी मात्र एकच पत्र घेतोय. त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही. आणि आईबाबांनो, आजचं पान तुम्हीही वाचा. जमलं तर मुलांच्या शेजारी बसून वाचा.

पत्र इंग्लंडहून आलंय. लिहिणारी मैत्रीण तेरा वर्षांची आहे. तिची मावशी तिला आपले अंक पाठवते. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. तिच्या घरी लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आहे, नाव मोत्या. वय चौदा. म्हणजे तो तिच्याहून एका वर्षानं मोठा! ती लिहिते :

‘मोत्याला आता मागच्या पायांवर उभं राहता येत नाही. बाबा त्याला पोटाखालून टॉवेल घालून उचलतात, तेव्हा तो कण्हतो. त्याला संधिवात आहे आणि पोटात गाठही आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही. आमची दोन महिन्यांनी भारतात परत यायची तिकिटं काढलीत. परवा बाबा म्हणाले, आता त्याला इंजेक्शन देऊन शांत करावं लागेल. मला वाटतं, तिकिटं काढली म्हणून हे चाललंय. आजी फोनवर म्हणाली, असं करणं पाप आहे. आई नुसती रडते. धाकट्या भावाला कुणी काही सांगितलेलंच नाही. मी काय करू?’

मैत्रिणी, तुझं पत्र वाचून आधी एक सांगावंसं वाटलं. तू विचारलेले प्रश्न अगदी बरोबर आहेत. मोठी माणसंही ते विचारायला कचरतात. तेव्हा आपण एकेक गाठ सोडवत जाऊ.

आधी एका शब्दाचा अर्थ नीट लावू. बऱ्या न होणाऱ्या दुखण्यानं तळमळणाऱ्या प्राण्याला डॉक्टरांनी वेदना न होता मरण देणं, याला मराठीत ‘दयामरण’ म्हणतात. इंग्रजीत याला ‘युथनेशिया’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक. ‘यू’ म्हणजे चांगलं आणि ‘थॅनेटॉस’ म्हणजे मरण. ‘इच्छामरण’ हा शब्द मात्र इथं चालणार नाही. इच्छामरणात मरणारा स्वतः ‘मला हे हवं’ असं म्हणतो. मोत्या तसं म्हणू शकत नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणालातरी ठरवावं लागतं, आणि म्हणून तर हा निर्णय इतका जड असतो. ज्याच्यासाठी ठरवायचं, त्याला विचारताच येत नाही!

मग ठरवायचं कसं? त्याच्याकडे नीट बघून.

अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्यांनी यासाठी एक साधी मोजपट्टी तयार केली आहे. कर्करोग झालेल्या प्राण्यांवर उपचार करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या पट्टीत सात गोष्टी आहेत. वेदना किती आटोक्यात आहेत (यात नीट श्वास घेता येतो का, तेही आलं)? भूक लागते का? पाणी पुरेसं पोटात जातं का? अंग स्वच्छ राहतं का, की शी-शूतच पडून राहावं लागतं? आनंद दिसतो का, म्हणजे हाक मारली की शेपूट हलते का? हालचाल जमते का? आणि सातवी गोष्ट, वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकीला ० ते १० गुण द्यायचे. एकूण ७० पैकी ३५ च्या वर बेरीज आली, तर सेवा करत राहण्यात अर्थ आहे असं मानतात.

ही काही शाळेची परीक्षा नव्हे, की ३५ आले म्हणजे पास आणि ३४ आले म्हणजे नापास! पट्टीचा उपयोग वेगळाच आहे. घरातल्या प्रत्येकानं आपापले गुण वेगळ्या कागदावर लिहायचे आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. बाबांनी वेदनेला दोन दिले आणि तू आठ दिलेस, तर तिथंच बोलायला जागा झाली. त्यातच एक कॅलेंडर भिंतीवर लावा. दिवस बरा गेला तर हिरवी खूण करा, वाईट गेला तर लाल. दोन-तीन आठवड्यांत ते कॅलेंडर स्वतःच बोलायला लागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कुत्री-मांजरं आपलं दुखणं फार लपवतात. ती आपल्यासारखी ‘आई गं’ करून ओरडत नाहीत. कोपऱ्यात जाऊन बसणं, रात्री उगाच धापा टाकणं, एकच जागा चाटत राहणं, हात लावताच दचकणं, जेवणाकडे तोंड फिरवणं ही त्यांची भाषा. तुझ्या पत्रात ‘कण्हतो’ हा शब्द आहे. तो साधा शब्द नाही. डॉक्टरांना तो नक्की सांग.

आणि हो, कुणीही घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या प्राण्याला देऊ नका. आपल्याला चालणारी आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. पॅरासिटामॉलची तर एखादी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. प्राण्यांसाठी वेगळी वेदनाशामक औषधं असतात, ती डॉक्टरांनाच विचारायची. कधी कधी औषध बदललं, घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी टाकली, खाली मऊ गादी घातली, तर म्हातारा कुत्रा आणखी काही महिने सुखानं काढतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा, ‘अजून काही करण्यासारखं उरलंय का?’ हे विचारल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारायचा नाही.

आता येऊ तिकिटाकडे. मैत्रिणी, तुझा खरा सल तिथंच आहे ना?

अडचणीच्या वेळी घाईनं घेतलेल्या निर्णयाचं एक उदाहरण तू राहतेस त्याच देशात घडलं आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. आता बॉम्ब पडणार, अन्न मिळणार नाही, या भीतीनं लंडन आणि आसपासच्या लोकांनी आपली लाखो धडधाकट कुत्री-मांजरं अवघ्या काही दिवसांत मारून टाकली. सरकारनं तशी सक्ती केली नव्हती. बॉम्बचा तर तोवर पत्ताही नव्हता! प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था ‘थांबा, घाई करू नका’ म्हणत होत्या, तरी दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. पुढं कितीतरी लोकांना त्याची हळहळ वाटत राहिली. ते दयामरण नव्हतं. ती भीती होती, आणि तिची किंमत प्राण्यांनी चुकवली.

म्हणून बाबांना एकच प्रश्न शांतपणे विचार, ‘बाबा, आपण परत जाणारच नसतो, तर मोत्याचं काय ठरवलं असतं?’ ते म्हणाले, ‘तरीही हेच, कारण त्याचे हाल बघवत नाहीत,’ तर तिकिटाचा आणि इंजेक्शनचा संबंध नाही. तारखा नुसत्या शेजारी शेजारी आल्या आहेत. ते जर म्हणाले, ‘तसं असतं तर आणखी थांबलो असतो,’ तर मग थांबायचा मार्ग शोधायला हवा. एकाला काही आठवडे मागं राहता येईल का? मोत्याला ओळखणारं एखादं कुटुंब त्याला शेवटपर्यंत सांभाळील का?

‘मग त्याला भारतातच घेऊन येऊ!’ असं तुमच्यापैकी काही जणांना वाटलं असेल. तसं आणता येतं. त्यासाठी कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप लागते, रेबीजची लस लागते, डॉक्टरांचा दाखला लागतो आणि आपल्या सरकारच्या प्राणी-तपासणी विभागाची, म्हणजे ॲनिमल क्वारंटाइनची परवानगी लागते. निरोगी कुत्री असा प्रवास करतात. पण प्रवास लांबचा, पिंजऱ्यातून, आपल्या माणसांपासून दूर, बहुधा विमानाच्या मालकक्षातून. ज्याला टॉवेलनं उचलावं लागतं, त्याला ‘प्रवासाला योग्य’ असा दाखला डॉक्टर कसा देणार? त्याच्यासाठी तो प्रवास म्हणजे मायेच्या नावाखाली केलेली फरफटच.

परदेशात या गोष्टीचे नियम काय आहेत, तेही बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा प्राणी-कल्याण कायदा आहे. पाळलेल्या प्राण्याला विनाकारण यातना भोगायला लावणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे ‘चालू दे जसं चाललंय तसं’ म्हणून कण्हणाऱ्या प्राण्याकडे पाठ फिरवता येत नाही. दयामरणासाठी मालकाची संमती घेतात. कागदावर सही मोठ्या माणसाची लागते, मुलांवर तो भार नसतो. निरोगी प्राण्याला मारा असं कुणी म्हटलं, तर डॉक्टर नकार देऊ शकतात आणि त्याला दुसरं घर शोधा असं सुचवू शकतात. जर्मनीत तर कायदा आणखी कडक आहे. तिथं योग्य कारणाशिवाय कुत्र्या-मांजराचा जीव घेणं हाच गुन्हा आहे. ‘आम्ही घर बदलतोय’ हे कारण तिथं चालत नाही.

परक्या देशात डॉक्टरांचा खर्च मोठा असतो, हीसुद्धा खरी अडचण आहे. आईबाबा ती मुलांना सांगत नाहीत, पण ती असते. लंडनच्या गरीब वस्तीतले लोक आपल्या आजारी गाढवांना आणि कुत्र्यांना घेऊन हताश होताना पाहून मारिया डिकिन नावाच्या बाईंनी १९१७ साली व्हाइटचॅपल भागात एक मोफत दवाखाना उघडला. त्याचीच पुढं ‘पीडीएसए’ ही मोठी संस्था झाली. ज्यांना खर्च झेपत नाही अशा लोकांच्या प्राण्यांवर ती आजही मोफत किंवा कमी पैशांत उपचार करते. म्हणजे ‘पैसे नाहीत म्हणून’ असं वाटलं, तर आधी अशा ठिकाणी चौकशी करायची.

आता आजींचं म्हणणं. त्यांना ‘जुन्या विचारांच्या’ म्हणून उडवून लावू नकोस. त्यांच्या म्हणण्यामागं एक मोठी परंपरा उभी आहे. आपल्या मुंबईचंच बघा. १८३२ साली इंग्रज सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी लोक चिडून रस्त्यावर उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईत पांजरपोळ सुरू झाला. जमशेटजी जीजीभाई यांचा त्यात पुढाकार होता. म्हाताऱ्या, लुळ्यापांगळ्या जनावराला मारायचं नाही, त्याचं मरण येईपर्यंत त्याला चारापाणी द्यायचं, हा पांजरपोळाचा विचार. जीव आपण दिलेला नाही, तर तो घ्यायचा अधिकार आपल्याला कुठला, असं आजी म्हणतात. त्या म्हणण्याला वजन आहे.

पण याच मातीतली दुसरी गोष्टही आजींना सांग. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू आजारानं तडफडत होतं. उपचार करून झाले, सेवा करून झाली. कुशीवर वळवलं तरी त्याला असह्य वेदना व्हायच्या. डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा महात्मा गांधींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्या वासराचे हाल संपवले. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसानं हे केलं! देशभर गहजब झाला. रागाची पत्रं आली. गांधीजींनी ते लपवलं नाही. त्यांनी आपल्या ‘नवजीवन’ पत्रात त्यावर लेख लिहिला. रागानं किंवा स्वार्थानं दुसऱ्याला दुःख देणं, मारणं ही हिंसा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मारणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर ते ठरतं.

बघ, आपण पुन्हा तिकिटाच्या प्रश्नापाशीच आलो! हे मोत्यासाठी की आमच्या सोयीसाठी? आजी, गांधीजी आणि तू, तिघंही फिरून एकाच प्रश्नाकडे येता. घरात सगळ्यांनी मिळून त्याचं खरं उत्तर दिलं, तर आजींचं मत बदलेलच असं नाही, पण मनातला राग नक्की निवळेल.

समजा, ठरलं. मग नेमकं काय होतं? न सांगितल्यानं भीती वाढते, म्हणून सांगतो. ज्यांना इतकंच पुरे वाटतं, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

डॉक्टरांना घरी बोलावता येतं, किंवा दवाखान्यात शांत वेळ मागून घेता येते. बऱ्याचदा आधी गुंगीचं औषध देतात, म्हणजे प्राणी सैलावतो. मग पुढच्या पायावरचे थोडे केस कापून शिरेत बारीक सुई बसवतात. सुई टोचते तेवढंच काय ते दुखणं. त्यातून ‘पेंटोबार्बिटॉल’ हे भुलीचंच औषध खूप जास्त प्रमाणात देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्यानंतर थोड्याच वेळात श्वास थांबतो, मग हृदय थांबतं. म्हणजे हृदय थांबण्याच्या आधीच प्राण्याला काही कळेनासं झालेलं असतं. डॉक्टर छातीला स्टेथॉस्कोप लावून खात्री करतात. डोळे उघडेच राहतात, कधी एखादा स्नायू थरथरतो, कधी एखादा मोठा श्वास आल्यासारखं वाटतं, लघवीही होते. तेव्हा ‘अरे, जिवंत आहे!’ असं वाटून घाबरायचं नाही. ती निव्वळ शरीराची हालचाल असते, त्याला त्यातलं काही जाणवत नसतं.

तू जवळ थांबायचं का? हे तुझं तूच ठरव. थांबलीस, तर त्याच्या डोक्यावर हात ठेव आणि नेहमीच्याच आवाजात बोल. नाही थांबवलं, तर आधी भेटून ये. दोन्हींत तुझी माया सारखीच. आईबाबांनो, मुलांना ओढून नेऊ नका आणि दार लावून बाहेरही ठेवू नका. विचारा.

नंतरचं काय, हेही आधीच ठरवून ठेवावं. इंग्लंडमध्ये स्वतःच्या मालकीच्या घराच्या बागेत पाळलेल्या प्राण्याला पुरता येतं. खड्डा मात्र खोल हवा, कारण औषध अंगात राहिलेलं असतं आणि एखाद्या कोल्ह्यानं उकरलं तर त्यालाही विषबाधा होईल. नाहीतर दहन करतात आणि हवी असेल तर राख घरी देतात. तुम्ही भारतात परतणार आहात. तेव्हा बागेतली जागा मागं राहील, हाही विचार करा.

आता धाकटा भाऊ. त्याला सांगायलाच हवं, आणि खरं सांगायला हवं. इंग्लंडात ‘झोपवलं’ असं म्हणायची पद्धत आहे. पण लहान मुलाला कृपा करून तसं सांगू नका. रात्री आई म्हणाली ‘चल झोप’, की त्याच्या पोटात गोळा येईल! ‘मोत्या पळून गेला’ हेही नको. तो रोज दाराशी वाट बघत बसेल. ‘देवानं नेला’ म्हटलं, तर तो देवावर रुसेल. साधं सांगावं, ‘मोत्या खूप म्हातारा झालाय. त्याला खूप दुखतंय आणि डॉक्टरांना ते बरं करता येत नाही. डॉक्टर त्याला औषध देतील, मग त्याला दुखणार नाही आणि तो मरेल. तो परत येणार नाही.’ आणि हेही नक्की सांगा, की आपल्याला सर्दी झाली, ताप आला, आजी आजारी पडली, तर हे औषध देत नाहीत. लहान मुलांच्या मनात ही शंका येतेच. ती विचारत नाहीत एवढंच.

त्याला एखादं काम द्या. मोत्याचं चित्र काढणं, पंजाचा ठसा घेणं, त्याला आवडीचा खाऊ भरवणं. डॉक्टरांना विचारून आता थोडे लाडही चालतील!

मैत्रिणी, त्या दिवसानंतर घर रिकामं वाटेल. रडू आलं तर रड. ‘कुत्र्यासाठी कसलं रडायचं?’ असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नकोस. इंग्लंडमध्ये ‘ब्लू क्रॉस’ ही संस्था प्राणी गेल्यानं दुःखी झालेल्यांशी बोलण्यासाठी मोफत मदत देते. म्हणजे हे दुःख तुझ्या एकटीचं नाही.

‘आपण घाई केली का?’ आणि ‘आपण उशीर केला का?’ हे दोन्ही प्रश्न पुढं मनात येतील. ज्यांनी प्राण्यावर खरी माया केली, त्या बहुतेकांच्या मनात ते येतात. तेव्हा भिंतीवरचं ते कॅलेंडर काढून बघ. त्यातल्या लाल खुणा तू स्वतः केलेल्या असतील.

आणि बाकीच्या मित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. वर्गात कुणाचा कुत्रा, मांजर, पोपट, अगदी कासव जरी गेलं, तरी दुसऱ्या दिवशी ‘दुसरा आण की!’ असं म्हणू नका. त्याऐवजी विचारा, ‘तुझा तो कसा होता रे?’ मग गप्प बसा आणि ऐका. इतकं केलंत तरी पुष्कळ झालं.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या प्राण्याची तुम्ही काय काळजी घेता, ते आम्हाला लिहून पाठवा. निवडक पत्रं पुढच्या अंकांतून छापू.